पंचवीस फूट

आमच्या मागच्या दारी उभे राहिले की डाव्या हाताला विहीर दिसते आणि उजव्या हाताला, जुन्या जांभळाच्या बुंध्याशी, सिमेंटचा एक चौकोनी ओटा. सून त्यावर धुतलेल्या कपड्यांची बादली ठेवते. सुट्टीत नातवंडे तेथे बसून मीठ लावलेल्या कैऱ्या खातात. त्या ओट्याखाली काय आहे, हे घरात आता मला एकट्यालाच ठाऊक आहे, असे मी समजत होतो. गेल्या एप्रिलमध्ये मी टेप घेऊन विहिरीच्या कठड्यापासून त्या ओट्यापर्यंतचे अंतर मोजले. ते पंचवीस फूट भरले. मोजण्याची गरज नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी ते अंतर मीच ठरवले होते.

पश्चिम वसईतल्या आमच्या गावात माझ्या लहानपणी संडास नव्हतेच, असे म्हटले तरी चालेल. शहरातल्या काही जुन्या घरांना टोपलीचे संडास असत आणि तो मैला वाहून नेणारी माणसे मागच्या गल्लीने, कोणाच्या दृष्टीस न पडता, येत-जात. त्यांच्याविषयी आम्ही कधी विचार केला नाही. डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला आणि तो पुरेसा नाही म्हणून दुसरा २०१३ साली करावा लागला, एवढे सांगितले म्हणजे त्या विचार न करण्याची लांबी-रुंदी ध्यानात येईल. आम्हा वाडीवाल्यांना मात्र मोकळे रान होते. पुरुष खाजणाकडे किंवा किनाऱ्याकडे जात. मुले कुंपणाच्या पलीकडे बसत. बायकांच्या वाट्याला दिवसाचे दोनच प्रहर येत, उजाडण्यापूर्वीचा आणि दिवेलागणीनंतरचा. मधल्या बारा तासांचे त्यांनी काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारत नसे. माझी आई दिवसभर वाडीत राबे, केळीची लोंगरे उचले, पानवेलींना पाणी धरी, आणि दुपारच्या जेवणानंतर पाण्याला स्पर्श करीत नसे. तिला तहान कमी आहे, असे आम्ही मानत होतो.

सणासुदीला मुंबईचे पाहुणे येत. सकाळच्या मिस्साला आलेली मंडळी दुपारी जेवून तृप्त होत आणि चार वाजले की त्यांना परतीच्या गाडीची घाई सुटे. ‘राहा की आजची रात्र,’ असा आग्रह आजी करी आणि त्या बायका एकमेकींकडे पाहत. त्यांचे आमच्यावर प्रेम कमी, असा निष्कर्ष मी लहानपणीच काढला होता. खरे कारण मोठेपणी समजले.

पाण्याला मात्र तोटा नव्हता. वसईच्या पट्ट्यात चार हात खणले की पाणी लागते. प्रत्येक वाडीला विहीर असे, शिंपणाला बावखल असे, आणि माझ्या अगदी बालपणी रहाटाची करकर पहाटेपासून कानावर येई. पुढे विजेचे पंप आले. पावसाळ्यात विहिरीचे पाणी इतके वर येई की कठड्यावरून वाकून हाताने कळशी भरता येई. आजीचे विहिरीसंबंधीचे नियम कडक होते. कठड्यावर पाय ठेवायचा नाही, साबण न्यायचा नाही, खरकटे भांडे दोराला बांधायचे नाही. हे नियम मोडणाऱ्याला ती माफी देत नसे, मग तो धर्मग्रामातला कितीही मोठा मनुष्य असो.

१९७२ साली थोरल्या भावाचे लग्न झाले. वहिनी मुंबईच्या चाळीत वाढलेली. चाळीच्या टोकाला का होईना, पण दार असलेली जागा तिला माहीत होती. आमच्याकडे आल्यावर तिने तक्रार केली नाही. आईच्या मागे टमरेल घेऊन ती अंधारातून जाई आणि अंधारातून परत येई. १९७३ साली मुलगी झाली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री वहिनी एकटीच गेली होती. वाऱ्याने कंदील विझला आणि विजेच्या लखलखाटात तिला पायापासून हातभर अंतरावर नाग दिसला. तो आपल्या वाटेने निघून गेला. वहिनी परत आली आणि मागच्या पायरीवर बसून राहिली. कितीतरी वेळ तिच्या हातातले टमरेल पायरीवर वाजत होते. तो आवाज मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने वडिलांना सांगितले, ‘घरी संडास बांधायचा.’

बांधायचा कोठे, यावर मात्र महिनाभर वाद चालला. वडिलांच्या मनात वाडीच्या अगदी टोकाची, बांबूच्या बेटाजवळची जागा होती. मी नुकताच बी. एस्सी. होऊन गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो होतो. त्या वयात माणसाला आपले ज्ञान वापरण्याची घाई असते. मी म्हणालो, एवढ्या लांब बांधला तर रात्री-अपरात्री बायकांना पुन्हा तेच अंधारातून जाणे आले. मोरीजवळ बांधू, पाणीही हाताशी राहील. आजी म्हणाली, ‘विहिरीजवळ नको. विहिरीला विटाळ होतो.’ मी हसलो. विटाळ ही कल्पना कशी अडाणीपणाची आहे, यावर मी आजीला जवळजवळ व्याख्यानच दिले. मातीत सगळे गाळले जाते, असेही सांगितले. वडील माझ्याकडे आणि आजीकडे आळीपाळीने पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘शिकलेला पोरगा सांगतो आहे.’

१९७५च्या मे महिन्यात संडास उभा राहिला. आठ फूट खोल खड्डा, आत फटी ठेवून रचलेल्या विटा, वर चिनी मातीचे भांडे, पत्र्याचे दार. धर्मगुरूंना आशीर्वादासाठी बोलवायचे का, अशी थट्टा शेजारच्यांनी केली आणि त्याच शेजाऱ्यांनी एकेक करून आत डोकावून पाहिले. वर्षभरात आळीत आणखी तीन घरांनी तसेच संडास बांधले. गवंड्याला ते सांगत, ‘मास्तरांकडे आहे तसा बांध.’ मोरीजवळ, विहिरीजवळ, बायकांना सोयीचा. मला त्या वर्षी फार अभिमान वाटत होता.

आठ फूट खड्डा आणि जुलैत तीन फुटांवर आलेले पाणी, हे गणित पाचवीतल्या मुलालाही सुटले असते. आमच्या रेताड जमिनीत पावसाळ्यात खड्डा आणि विहीर ही नुसती दोन नावे उरतात, पाणी एकच असते.

१९७६च्या ऑगस्टमध्ये आळीत कावीळ आली. सातआठ जणांना झाली, मलाही झाली. ऊस खाल्ला, मुळ्याचा पाला खाल्ला, झाडपाल्याचे औषध घेतले, तीन आठवड्यांत सगळे उठून बसले. वहिनीला तेव्हा आठवा महिना होता. तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा कोणी घाबरले नाही, कारण आळीत पिवळे डोळे सगळीकडेच होते. पाचव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली. सहाव्या दिवशी तिला मुंबईच्या इस्पितळात नेले. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि बाळही गेले. तिची मुलगी त्या वेळी तीन वर्षांची होती आणि अंत्ययात्रेच्या दिवशी तिला शेजारच्या मावशीने आपल्या घरी नेऊन ठेवले होते.

देवाची इच्छा, असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आजी काहीच म्हणाली नाही. मात्र त्या दिवसापासून तिने आमच्या विहिरीचे पाणी प्यायचे सोडले. आळीच्या पलीकडच्या शेतातल्या विहिरीवरून ती स्वतः, सत्तरी उलटलेली असताना, एक कळशी भरून आणी. विचारले तर म्हणे, ‘चव बदलली.’ दुःखाने म्हातारीचे मन फिरले आहे, असे मी आईला समजावून सांगितले. समजावून सांगणे हे तेव्हा माझे काम झाले होते.

आता जे लिहितो ते मला एकदम कळले नाही. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली होती आणि सुमारे २९,३०० लोकांचे डोळे पिवळे झाले होते. नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेत, वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत, उलटे शिरले होते. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीन घातला जात होता आणि तो पटकी-विषमज्वराच्या जंतूंना पुरला, पण या रोगाला पुरला नाही. तो रोग कोणता, हे त्या वेळी ठाऊक नव्हते. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात तशीच साथ आली आणि त्यात गर्भवती स्त्रिया विशेष संख्येने दगावल्या, हे तेथील डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. १९८३ साली या रोगाचा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला आणि पुढे त्याला हिपॅटायटिस ‘ई’ हे नाव मिळाले. तो विष्ठेतून पाण्यात जातो आणि पाण्यातून पोटात. धडधाकट माणसाला तो तीन आठवडे अंथरुणावर ठेवून सोडून देतो. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र त्याने गाठलेल्या दर चार-पाच स्त्रियांपैकी एक दगावू शकते. महाराष्ट्रात इचलकरंजीला २०१२ साली हीच साथ येऊन गेली, तेव्हा वाचकांपैकी अनेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल.

मी हे १९९०च्या सुमारास, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात ऐकले. व्याख्यात्याने फळ्यावर आकृती काढली: विष्ठा, आणि तेथून निघणारे बाण, पाण्याकडे, बोटांकडे, माशांकडे, शेताकडे, अन्नाकडे, आणि शेवटी सगळे एका तोंडाकडे. मग म्हणाला, संडास आणि विहीर यांत निदान पन्नास फूट अंतर हवे, जमीन रेताड असेल आणि पाणी वर असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. जंतू मातीत काही प्रमाणात अडतात, विषाणू त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, ते दूरवर जातात. त्याने गर्भवती स्त्रियांचे सांगितले तेव्हा मी वहीत लिहिणे थांबवले. दुपारच्या जेवणाला न थांबता मी घरी आलो.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या एका खड्ड्यानेच वहिनीला नेले, हे सिद्ध करता येणार नाही. तिचे रक्त तपासणारी चाचणी तेव्हा अस्तित्वात नव्हती. आळीतले लोक उघड्यावर जात होतेच, पावसाचे पाणी ते सगळे धुऊन विहिरीत आणीत होतेच. हा युक्तिवाद मी स्वतःशी इतक्या वेळा केला आहे की तो मला आता पाठ झाला आहे.

तो जुना संडास मी त्याच वर्षी बुजवला, वर सिमेंटचा ओटा घातला आणि नव्या पद्धतीची सेप्टिक टाकी बांधली. कोणाला कारण सांगितले नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत मी दरवर्षी नववीच्या वर्गात ती बाणांची आकृती काढली, मुलांकडून पाठ करून घेतली, आणि घरी येऊन ओट्याकडे पाठ करून चहा घेतला.

सेप्टिक टाकी या शब्दाने आपल्या लोकांचे फार समाधान होते. टाकी म्हणजे बंद, बंद म्हणजे संपले. वास्तविक टाकीत खाली गाळ बसतो आणि वरचे पाणी, जे पाणी म्हणण्याच्या लायकीचे नसते, ते पुढे जाते. ते शोषखड्ड्यात जाते, आणि आमच्याकडे शोषखड्डा म्हणजे पुन्हा तीच रेती आणि तेच तीन फुटांवरचे पाणी. दोनतीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. पुष्कळ घरांनी तो वीस वर्षांत उपसलेला नाही आणि ‘आमची टाकी कधी भरतच नाही’ असे ते कौतुकाने सांगतात. न भरणाऱ्या टाकीला तळ नसतो, हे त्यांना कोणी सांगत नाही. उपसायला मैल्याचा टँकर येतो. एकदा मी चालकाला विचारले, हे रिकामे कोठे करता? त्याने माझ्याकडे पाहिले, हसला आणि पाइप गुंडाळू लागला.

टँकर म्हटले की वसईकराला निराळेच टँकर आठवतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आमच्या विहिरींचे पाणी दिवसरात्र उपसून विकले जात होते आणि विहिरी खाऱ्या होऊ लागल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या हाकेला ओ देऊन हजारो माणसे रस्त्यावर आली. मीही होतो, माझ्या वर्गातली मुले होती, कधी मोर्चात न गेलेली माझी आई होती. त्या दिवसांचा मला अभिमान आहे आणि फादर २०२४ साली गेले तेव्हा तो अभिमान पुन्हा दाटून आला. पण आता वाटते, जे पाणी चोरू नका म्हणून आम्ही घसा कोरडा केला, त्या पाण्यात आपल्याच मागच्या दारातून काय झिरपते आहे, हे त्या गर्दीतल्या एकानेही विचारले नाही. विचारायला हवे होते ते मी. मला माहीत होते.

या विषयाला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही हे खरे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितले, ते नाकारले म्हणून अन्नत्याग केला आणि पुढे कणकवलीच्या गोपुरीत साधे, स्वस्त संडास कसे बांधावेत यावर आयुष्याची वर्षे घालवली. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉ. मापुसकरांनी तेच केले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ साली, मरणोत्तर. ही माणसे खड्ड्याच्या खोलीचा जितक्या गांभीर्याने विचार करीत होती तितक्या गांभीर्याने आपण फक्त वेदीच्या सजावटीचा करतो. अनुवादाच्या पुस्तकात, तेविसाव्या अध्यायात, इस्रायली लोकांना छावणीबाहेर जाण्याची जागा ठरवून दिली आहे आणि सोबत खणण्याचे हत्यार बाळगून मागे सगळे झाकून टाकायला सांगितले आहे. माझ्या सत्तर वर्षांच्या मिस्सांत त्या वचनांवर प्रवचन झालेले मला आठवत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले, त्यावर मात्र प्रवचने झाली. चांगली झाली. त्यात दूरच्या कोरड्या देशांतल्या बायकांचे वर्णन होते. जव्हार-मोखाड्याच्या बायकाही होत्या, ज्यांच्या डोंगरावर आपल्यापेक्षा अधिक पाऊस पडतो आणि ज्यांच्या विहिरी तरीही मार्चमध्ये आटतात, कारण तेथला काळा खडक पाणी धरून ठेवत नाही. आमच्या आळीचे नाव त्यात नव्हते.

निराश व्हावे असेही सगळे नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना घरात शौचालय नव्हते. आज आमच्या तालुक्यात उघड्यावर जाणारी बाई शोधावी लागेल. नारू आठवतो का? पायातून दोऱ्यासारखा निघणारा तो किडा मी पाठ्यपुस्तकात शिकवला, आणि माझ्याच नोकरीच्या काळात, १९९६ साली, त्याचा देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. लस नव्हती, औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, फडक्याने पाणी गाळायला शिकवले, एवढ्यावर तो गेला.

आता गेल्या वर्षाकडे येतो. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या तरुण जोडप्याने जुने घर पाडून नवे बांधायला काढले. मुलगा माझा विद्यार्थी. सेप्टिक टाकीसाठी त्याने खुणेचे दोर बांधले ते नेमके आमच्या दोघांच्या पलीकडच्या मावशीच्या विहिरीजवळ, जेमतेम अठरा फुटांवर. वहिनीच्या मुलीला त्या दिवशी घरी नेऊन ठेवणारी हीच ती मावशी. नव्वदीला आली आहे. घरात महापालिकेचा नळ असूनही विहिरीचेच पाणी पिते, नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणते. मी त्या मुलाकडे गेलो आणि जागा बदल म्हणालो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘सर, तुमची टाकी मावशींच्या विहिरीपासून किती लांब आहे?’

उद्धटपणा त्यात नव्हता. त्याला खरोखर मोजमाप हवे होते. आमची टाकी एकतीस फुटांवर आहे. मी काही न बोलता परत आलो.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेलो. वहिनीच्या थडग्यावरचे गवत पुतणी काढत होती, मी फुले लावत होतो. ती परिचारिका झाली, बारा वर्षे कुवेतला होती, आता येथेच असते. तिच्याकडे न पाहता मी सांगायला सुरुवात केली. खड्डा कोणी ठरवला, आजी काय म्हणाली होती, मी काय म्हणालो होतो. बोलताना माझा आवाज वर्गात शिकवताना लागतो तसा लागला होता, याची मला लाज वाटली. ती गवत काढत राहिली. मग म्हणाली, ‘काका, मला माहीत आहे.’

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी त्यांना हा रोग शिकवला होता. कावीळ, पावसाळा, आठवा महिना. तिने त्याच सुट्टीत घरी येऊन आईला, म्हणजे तिच्या आजीला, सगळे विचारून घेतले होते. जांभळाखालचा ओटा तिने पावलांनी मोजला होता. तीस वर्षांहून अधिक काळ ती दर नाताळला आमच्याकडे आली, मागच्या दारी बसून माझ्याबरोबर चहा प्यायली आणि बोलली नाही.

‘तू रागावली नाहीस?’ मी विचारले.

‘रागावले होते,’ ती म्हणाली. ‘पुष्कळ वर्षे.’ मग हातातले गवत तिने पिशवीत भरले. ‘मावशीच्या विहिरीचं पाणी तपासलं का कोणी?’

कोणी तपासले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रातून चार बाटल्या घेऊन आली. हातात मावेल एवढी बाटली, आत औषध लावलेला कागद. भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली शोधलेली ही साधी चाचणी. पाणी भरायचे, बूच लावायचे आणि घरातच एक-दोन दिवस ठेवायचे. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर पाणी काळे होते. विषाणू त्यात दिसत नाही, पण विषाणूची वाट दिसते. आमच्या विहिरीची बाटली दुसऱ्या सकाळी काळी झाली. मावशीची संध्याकाळपर्यंत टिकली आणि मग काजळासारखी झाली. मी ती मावशीला दाखवली. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, ‘एवढी वर्षं हे प्यायले तरी नव्वद झाले, मास्तर.’ तिला पाणी उकळून प्यायला लावायचे काम पुतणीने केले. माझ्याने ते झाले नसते.

मुलाला मी टाकी हलवायची आहे असे सांगितले तेव्हा तो म्हणाला, ‘पपा, चालू टाकी फोडायची? खर्च केवढा येईल?’ मग मी त्यालाही सगळे सांगितले, दुसऱ्यांदा सांगताना ते थोडे सोपे गेले. मे महिन्यात काम झाले. नवी टाकी वाडीच्या टोकाला आहे, बांबूच्या बेटाजवळ, वडिलांनी दाखवलेल्या जागी. तळाला आणि बाजूंना गिलावा पक्का, एक थेंबही झिरपू नये असा. तिचे पाणी जमिनीत न सोडता वर उचललेल्या खडीच्या वाफ्यात सोडले आहे आणि वाफ्यात कर्दळ लावली आहे. शेजारच्या मुलाने स्वतःहून आपले दोर उचलले आणि तेथेच, माझ्या टाकीच्या बाजूला, बांधले. टाकी उपसण्याचा खर्च आता आम्ही निम्मा निम्मा करणार आहोत.

ओटा मात्र तसाच ठेवला. फोडावा असे मुलाचे मत होते, पुतणी नको म्हणाली.

ऑगस्टमध्ये पाणी भर वर आल्यावर आम्ही पुन्हा बाटल्या भरल्या. आमच्या विहिरीची तपकिरी झाली, काळी नाही. मावशीची मात्र पुन्हा काळीच झाली. तिच्या दुसऱ्या अंगाला आणखी तीन घरे आहेत. १९७५-७६ साली ‘मास्तरांकडे आहे तसा’ म्हणून ज्यांनी संडास बांधले होते तीच ती घरे. खड्ड्यांच्या जागी आता टाक्या आल्या आहेत, जागा त्याच आहेत. दोघांकडे जाऊन आलो. एकाने दिवाळीनंतर काम काढतो म्हणून शब्द दिला, दुसऱ्याच्या सुनेने अंतर स्वतः मोजून घेतले. तिसऱ्या घरी येत्या रविवारी, मिस्सानंतर जायचे आहे. पुतणी येणार आहे. ती बाटली आणील, टेप माझ्याकडे आहे.